साहेबांचा साहेब

२०२१ चा जुलै. रविवार दुपार, पोटात आमरस-पुरी, डोळ्यांवर झापड आणि मोबाइलवर ताईचा व्हिडिओ कॉल. ताई म्हणजे माझी मावसबहीण. लग्न होऊन इंग्लंडात स्विंडनला गेली. जिजू आयटीत, ती स्वतः अकाउंट्समध्ये.

"अगं, परत कार्ड आलंय!"

"कसलं?"

"पोलिसांचं."

माझी झापड खाड्कन उतरली. आपल्याकडे घरी पोलिसांचं काही आलं की आधी आई देवापुढे दिवा लावते आणि मग बाबा ओळखीचा वकील आठवायला लागतात. ताई मात्र हसत होती. कार्ड होतं मतदानाचं. पोलिसांवर देखरेख ठेवणारा माणूस निवडायचा होता आणि त्यासाठी सरकारने माझ्या ताईला, म्हणजे सदाशिव पेठेत वाढलेल्या आणि अजून भारताचा पासपोर्ट बाळगणाऱ्या बाईला, मत द्यायला बोलावलं होतं. तेही चार महिन्यांत दुसऱ्यांदा!

तर मंडळी, पहिला धक्का हा की इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक तिथल्या निवडणुकीत मत देऊ शकतो. कॉमनवेल्थची कृपा. (उलटं चालत नाही. गोरा साहेब कोरेगाव पार्कात वीस वर्षं राहिला तरी त्याच्या बोटाला शाई लागणार नाही.) आणि दुसरा धक्का म्हणजे ते पद. पोलीस अँड क्राइम कमिशनर. आता आपल्या कानांना कमिशनर म्हटलं की खाकी वर्दी, लाल दिवा आणि सॅल्यूट ऐकू येतो. तिथे हा कमिशनर साधा शर्ट-पँटवाला नागरिक. आणि खऱ्या वर्दीतल्या सर्वांत मोठ्या साहेबाचं नाव काय, तर चीफ कॉन्स्टेबल! म्हणजे आपल्या हिशेबाने हवालदार. ताईला हे समजायलाच दोन वर्षं लागली असं ती म्हणते.

काम काय या कमिशनरचं? चीफ कॉन्स्टेबलला नेमायचं, वेळ आली तर काढायचं. पोलिसांचं बजेट ठरवायचं. घरपट्टीत पोलिसांचा वाटा किती ते ठरवायचं. कुठल्या गुन्ह्यांकडे जास्त लक्ष द्यायचं याचा आराखडा करायचा. कुणाला पकडा, कुणाला सोडा हे मात्र सांगायचं नाही, ते वर्दीवाल्यांचं काम. कागदावर एकदम सॉलिड ना? साहेबांचा साहेब, आणि तो तुम्ही निवडलेला.

मग ताई वैतागली का होती?

कारण मे महिन्यात तिने ऑलरेडी मत दिलं होतं. स्विंडन येतं विल्टशर पोलिसांच्या हद्दीत. तिथे ६ मेला मतदान झालं, आणि मोजणी व्हायच्या आत बातमी फुटली की आघाडीच्या उमेदवारावर तीसेक वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला होता. या पदाचा नियम असा कडक, की ज्या गुन्ह्याला तुरुंगवास होऊ शकतो असा एकही गुन्हा आयुष्यात कधी सिद्ध झाला असेल तर तुम्ही बाद. खासदार व्हायला इतकी कडक अट नाही! पण मतं तर पडून गेलेली. मोजणी झाली, तोच निवडून आला आणि त्याला खुर्चीवर बसता येईना. (पुढे त्याच्यावर खटलाही उभा राहिला आणि २०२२ साली सरकारी पक्षाने तो सोडून दिला.) म्हणून १९ ऑगस्टला फेरमतदान. खर्च पुन्हा जनतेचा. आणि आले किती? जेमतेम सोळा-सतरा टक्के.

ताईच्या शेजारी एक गोंयकार आंटी राहतात. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप, पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन आलेली. आंटींनाही कार्ड आलं होतं. त्यांनी ते फ्रिजवर मॅग्नेटने लावलं आणि विषय संपवला. "पोलिसाक वोट कित्याक?" एवढाच त्यांचा सवाल. मला हा प्रश्न इतका आवडला की मी त्या रविवारची झोप सोडून लॅपटॉप उघडला. फ्रीलान्सरला रविवार तसाही नसतो म्हणा.

आंटींचा प्रश्न अख्ख्या देशाने विचारला होता, तोही ताई तिथे जायच्या कितीतरी आधी, १५ नोव्हेंबर २०१२ ला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन, गृहमंत्री थेरेसा मे. त्यांनी २०११ मध्ये कायदा करून इंग्लंड आणि वेल्समधल्या ४१ पोलीस दलांसाठी एकेक कमिशनर निवडून द्यायचं ठरवलं. लंडन सोडून, कारण तिथे ते काम महापौराकडे. त्याआधी प्रत्येक दलावर एक समिती असायची, नगरसेवक आणि काही नेमलेली मंडळी मिळून साधारण सतरा जण. त्या सतरांपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नसायचं. सरकारचं म्हणणं, अशा बिनचेहऱ्याच्या समितीपेक्षा एक चेहरा द्या. काम आवडलं नाही तर पुढच्या वेळी पाडा. अमेरिकेत शेरिफ निवडून येतात, तोच फंडा.

आणि मग जे झालं ते कुठल्याही फ्लॉप पिक्चरला लाजवणारं होतं. मतदान नोव्हेंबरात ठेवलं. तिकडचा नोव्हेंबर म्हणजे चार वाजता अंधार, अंगावर पाऊस. उमेदवारांची माहितीपत्रकं घरोघर पाठवायला सरकारने पैसे दिले नाहीत, वेबसाइट बघा म्हणे. ज्या आजोबांकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी फोन करून छापील माहिती मागवायची. उभं राहायचं तर अनामत पाच हजार पौंड, आणि मतदारसंघ एवढा अवाढव्य की दहाएक खासदारांच्या भागात एकट्याने फिरायचं. लंडनच्या पोलिसांचे माजी प्रमुख इयन ब्लेअर तर जाहीरपणे म्हणाले की लोकांनी मत देऊ नये असंच मला वाटतं, एका माणसाने सांभाळावं एवढा हा भाग लहान नाही. माजी पोलीसप्रमुख लोकांना मत देऊ नका म्हणतोय! आपल्याकडे असं झालं असतं तर चॅनलवाल्यांची दिवाळी.

मतदान झालं सुमारे १५ टक्के. देशभरातल्या निवडणुकीत शांततेच्या काळातलं सर्वांत कमी. न्यूपोर्टमधल्या बेट्स भागात एका मतदान केंद्रावर दिवसभरात एकही मत पडलं नाही. एकही नाही. मी त्या केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांचा विचार करत बसले. सकाळी सात ते रात्री दहा. टेबल, पेन्सिल, रिकामी पेटी, थर्मास. आपल्याकडे गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र लावतात त्याचं आपल्याला केवढं कौतुक. इथे केंद्र होतं, मतदार होते आणि तरी पेटी रिकामी.

माझी एक कॉपीरायटर मैत्रीण लगेच म्हणाली, "ब्रँडिंग चुकलं." तिला सगळ्यातच ब्रँडिंग दिसतं. पण फक्त तेवढंच नव्हतं. लोकांना चक्क पटलेलं नव्हतं. ब्रिटिश माणसाला आपला पोलीस राजकारण्यापासून लांब बघायची सवय. आता पोलिसांच्या वर पक्षाच्या तिकिटावरचा माणूस बसणार, म्हणजे पुढच्या निवडणुकीत टाळ्या मिळतील तेच गुन्हे तो आधी बघणार, ही धास्ती होती. चौकात हुल्लड करणारी पोरं हाकलली की मतं मिळतात. घराच्या चार भिंतींत मार खाणाऱ्या बाईची केस सोडवली तर कोण टाळ्या वाजवणार? हा मुद्दा मला स्वतःला सर्वांत वजनदार वाटतो.

दुसरीकडे मतदारांनी जिथे संधी मिळाली तिथे पक्षांना चिमटाही काढला. ४१ पैकी १२ ठिकाणी अपक्ष निवडले. हंबरसाइडमध्ये जॉन प्रेस्कॉट उभे होते, टोनी ब्लेअरच्या काळात दहा वर्षं उपपंतप्रधान राहिलेले. पहिल्या फेरीत पुढे होते, दुसऱ्या पसंतीच्या मतांत पडले. बिचारे! आणि त्या कडक नियमाची सर्वांत मजेशीर विकेट पडली ती एव्हन अँड सॉमरसेटमध्ये. तिथल्या एका उमेदवाराला माघार घ्यावी लागली, कारण १९६६ साली, वय वर्षं १३ असताना, तो रेल्वेच्या हद्दीत शिरला होता आणि मित्राकडे छऱ्याची बंदूक होती. दंड झाला होता, बास. सेहेचाळीस वर्षांनी त्या दंडाने त्याला गाठलं.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललंय ना? माझंही तसंच चाललं होतं. ताईला व्हॉट्सअॅपवर एकेक किस्सा पाठवत होते, ती हसण्याचे चेहरे पाठवत होती. मग रॉदरहॅमशी गाठ पडली.

ऑगस्ट २०१४ मध्ये अॅलेक्सिस जे यांचा अहवाल आला. रॉदरहॅम या एका गावात सोळा वर्षांत किमान १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं. पोलीस आणि कौन्सिल दोघांनी वर्षानुवर्षं कानाडोळा केला. आणि त्या वेळी साउथ यॉर्कशरचे कमिशनर कोण, तर शॉन राइट, जे २००५ ते २०१० या काळात त्याच कौन्सिलमध्ये मुलांच्या विभागाचे प्रमुख नगरसेवक होते. पंतप्रधान म्हणाले राजीनामा द्या. गृहमंत्री म्हणाल्या द्या. त्यांचा स्वतःचा मजूर पक्ष म्हणाला द्या. त्यांनी पक्ष सोडला, खुर्ची नाही. आणि कायद्यात त्यांना काढायची सोयच नव्हती! लोकांनी निवडलंय, लोकच काढतील, २०१६ मध्ये. त्यांच्यावर लक्ष ठेवायला नगरसेवकांचं एक पॅनल होतं, पण ते फार तर ओरडू शकत होतं. तीन आठवडे तमाशा चालला आणि सप्टेंबरात ते स्वतःहून गेले. पोटनिवडणूक झाली. इतकं सगळं होऊन, इतका संताप होऊन, मतदान किती? पंधरा टक्क्यांच्या आत.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. त्या गावातल्या कुठल्यातरी मुलीची आई त्या दिवशी मत द्यायला गेली असेल का? गेली असेल तर कुणाला दिलं असेल, आणि काय समजून?

बरोबर त्याच २०२१ सालात आपल्याकडे काय चाललं होतं आठवतंय? मार्चमध्ये मुंबईच्या नुकत्याच बदली झालेल्या पोलीस आयुक्तांनी थेट गृहमंत्र्यांवर वसुलीचे आरोप करणारं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं. गृहमंत्र्यांनी आरोप फेटाळले, आणि एप्रिलमध्ये राजीनामा दिला. आपल्या पोलिसांवर निवडून आलेला साहेब आधीपासूनच आहे की, फक्त त्याला आपण पोलिसांसाठी निवडत नाही. आपण आमदार निवडतो, आमदारांतून मंत्री होतात, मंत्र्यांपैकी एकाला गृहखातं मिळतं. गंमत म्हणजे आपली सगळी लढाई उलट्या दिशेची. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर २००६ साली सुप्रीम कोर्टाने सात निर्देश दिले, त्यांचा एकूण सूर असा की पुढाऱ्यांचा हात पोलिसांच्या खांद्यावरून काढा. बदल्यांसाठी बोर्ड नेमा, मोठ्या पदांवर किमान दोन वर्षं राहू द्या, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण ठेवा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात बदल करून प्राधिकरणाची तरतूदही केली.

प्राधिकरण असतं हे मला कधी कळलं? माझी अॅक्टिव्हा चोरीला गेली तेव्हा. कुठलं शहर, कुठली चौकी ते जाऊ दे. सकाळी पार्किंग रिकामं. मी चौकीत. समोरचे काका अगदी प्रेमळ होते, चहासुद्धा विचारला. म्हणाले, "मॅडम, चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा. कोर्टकचेरीचा ताप नाही." अॅक्टिव्हा गहाळ कशी होते? ती काय छत्री आहे? पण मी सत्तावीस वर्षांची, पत्रकारितेची डिग्री घेतलेली, कायदा माहीत असलेली बाई, मी मुकाट सही केली. कारण दुपारी एक डेडलाइन होती आणि कारण ते काका प्रेमळ होते. इन्शुरन्सवाल्यांनी गहाळ शब्द वाचून हात वर केले तेव्हा मी नेटवर शोधायला बसले, की यांची तक्रार करायची कुणाकडे. मग ते प्राधिकरण सापडलं. मी तक्रार केली का? नाही केली.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुमच्याकडे आणि आमच्या आंटींकडे फरक काय? त्यांनी कार्ड फ्रिजला लावलं, तू तक्रार लॅपटॉपमध्ये ठेवलीस."

झोंबलं. पण तिला मी लगेच विचारलं, तू जाणार आहेस का १९ तारखेला? ती म्हणाली जाईन. कारण काय, तर घरपट्टीचं बिल. तिकडच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात कमिशनरच्या नावाने वेगळी ओळ असते, अमुक एवढे पौंड. अकाउंट्सवाली बाई, तिला ती ओळ खटकायची. "ज्याला पैसे देते त्याचं नाव तरी वाचून येते," म्हणाली. आणि ती गेली. ऑफिस सुटल्यावर, पावसात, जिजूंना न घेता. जिजू म्हणाले होते, "तू जा, माझ्या एका मताने काय होतंय." केंद्रावर तिच्याशिवाय एक कुत्रेवाले आजोबा होते. कुत्रा धरून दोन माणसं तीन, असा तिचा मेसेज आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्थ यॉर्कशरच्या कमिशनरांचं तोंड घसरलं. लंडनमध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीला एका नोकरीतल्या पोलिसाने खोट्या अटकेच्या बहाण्याने गाडीत बसवून नेलं आणि मारून टाकलं. त्यावर हे साहेब रेडिओवर म्हणाले की बायकांनी जरा शहाणं व्हावं, पोलीस कधी अटक करू शकतो ते शिकून घ्यावं, तिने ती अटक मानायलाच नको होती. माफी मागितली, पण राजीनामा देईनात. पॅनलने एकमताने अविश्वास ठराव केला, तरी तेव्हाही काढायचा अधिकार नव्हताच. शेवटी गेले. ताईने ती बातमी मला पाठवली आणि खाली काही लिहिलं नाही.

आता न्यायाने बोलायचं तर सगळेच असे नव्हते. बलात्कार झालेल्या, घरी मार खाल्लेल्या लोकांना आधार देणाऱ्या संस्थांना पैसा याच कमिशनरांच्या हातून जायचा आणि काही ठिकाणी तो नीट गेला. सतरा जणांच्या समितीला निदान कुणी रेडिओवर विचारायला बोलावत नसे. या एका माणसाला विचारता यायचं, म्हणून तर यॉर्कशरचे साहेब उघडे पडले. माझं मत विचाराल तर कल्पना चुकीची नव्हती. तिला दात दिले नाहीत, आणि लोकांना नोव्हेंबरच्या पावसात एकदा बोलावून विश्वास आपोआप येईल असं धरून चालले. पुढे हे मतदान मे महिन्यातल्या इतर निवडणुकांना जोडलं तर आकडे वाढले, २०१६ मध्ये २७ टक्क्यांच्या आसपास, २०२१ मध्ये त्याहून थोडे जास्त. पण ते लोक नगरसेवकाला मत द्यायला आले होते. दुसरी पत्रिका हातात पडली म्हणून शिक्का... सॉरी, फुली मारली. विल्टशरच्या ऑगस्टने ते दाखवूनच दिलं.

आणि २०२२ च्या जूनमध्ये विल्टशरचं पोलीस दल तपासणी यंत्रणेने जादा देखरेखीखाली घेतलेल्या सहा दलांत आलं. म्हणजे ताईने निवडलेला साहेब होताच, त्याच्या वर आणखी एक साहेब.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की हे पद २०२८ च्या मे महिन्यात, चालू मुदत संपली की, बंद. फसलेला प्रयोग, असं पोलीस खात्याच्या मंत्री सारा जोन्स म्हणाल्या. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या कमिशनरचं नाव सांगू शकणारे मतदार २० टक्केही नाहीत, आणि पाचांतल्या दोघांना असं कुणी असतं हेच ठाऊक नाही. किमान १० कोटी पौंड वाचतील असा हिशेब. काम जाणार महापौरांकडे, आणि जिथे तसे महापौर नाहीत तिथे कौन्सिलच्या नेत्यांच्या बोर्डाकडे. बोर्ड! म्हणजे पुन्हा ती समिती, थोडीफार. मोर्चा नाही, मेणबत्त्या नाहीत. पद आलं तेव्हा पेटी रिकामी होती, निघालं तेव्हा रस्ता.

मी ताईला फोन लावला. म्हटलं, तुझा साहेब गेला. ती स्वयंपाक करत होती, फोन ओट्यावर उभा करून. आंटी तिथेच बसल्या होत्या, त्यांनी सोलकढी आणली होती. ताईने त्यांना सांगितलं, आंटी, ते पोलिसांचं कार्ड आता येणार नाही.

"बरें जालें," आंटी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, वाटी पुढे सरकवत, "पूण बिलाचे पयशे?"

ताईने गॅस बारीक केला, ड्रॉवरमधून बिल काढलं आणि ती ओळ कॅमेऱ्यासमोर धरली.